आकडे हाताशी आहेत, मग प्रोफाईल दूर नाही

मागच्या महिन्यात रंग आणि छपाईबद्दल बरेच प्रश्न आले, त्यातले चार इथे घेतले. पहिल्याला जास्त जागा दिली कारण तीच अडचण थोड्याफार फरकानं अजूनही दोघातिघांनी विचारली होती.

प्रश्न (महाल, नागपूर) : भाऊ, माझा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे, अल्बमचे प्रिंट घरच्याच इंकजेटवर काढतो. दीड वर्षाआधी एका ओळखीच्या माणसानं त्याच्या रंग मोजायच्या मशीननं माझ्या ग्लॉसी कागदावरचा ९१८ पॅचचा (रंगाच्या चौकटींचा) चार्ट मोजून दिला होता अन् प्रोफाईलही बनवून दिली होती. मधे हार्ड डिस्क गेली, प्रोफाईल गेली, पेनड्राईव्हवर फक्त एक टेक्स्ट फाईल सापडली, त्यात नुसते आकडेच आकडे. तो माणूस आता हे काम करत नाही अन् ते मशीन घ्यायची माझी ऐपत नाही. इकडे नवरीचा हिरवा चुडा निळसर येऊन राहिला अन् लाल शालू मातकट. या आकड्यांवरून प्रोफाईल परत बनते का, का सगळं पहिल्यापासून मोजावं लागते?

उत्तर : भाऊ, बनते. आणि दोन्हीतलं एक जाणारच होतं तर प्रोफाईल गेली अन् आकडे वाचले हे फार चांगलं झालं, कारण प्रोफाईल म्हणजे त्या आकड्यांवरून कॉम्प्युटरनं केलेला हिशोब, कोणता रंग हवा तर तुमच्या प्रिंटरला काय पाठवायचं याचा, तो काही मिनिटांत परत होतो, पण मोजायचं म्हटलं की चार्ट छापा, वाळू द्या, मशीन शोधा, एकेक पट्टी त्याखालून सरकवा, आणि ते मशीन आज तुमच्याकडे नाही. उलटं झालं असतं, म्हणजे प्रोफाईल राहिली असती आणि आकडे गेले असते, तर आज त्यात काही बदल करायचा म्हटला तर हात बांधलेले असते.

आता ती फाईल नोटपॅडमधे उघडा, घाबरू नका. ही सीगॅट्स नावाच्या पद्धतीची फाईल असणार, ती ग्राफिक आर्टवाल्या अमेरिकन समितीनं ठरवलेली मांडणी आहे आणि म्हणूनच एका कंपनीच्या मशीननं मोजलेलं दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता येतं. वरती थोडी माहिती असते, मग 'बिगिन डेटा फॉरमॅट' या ओळीखाली रकान्यांची नावं असतात, मग 'नंबर ऑफ सेट्स' समोर ९१८ लिहिलेलं असेल आणि त्याखाली ९१८ ओळी. प्रत्येक ओळीला दोन बाजू. डावीकडे प्रिंटरला काय पाठवलं ते, म्हणजे आर जी बी चे तीन आकडे, आणि उजवीकडे कागदावर खरंच काय उतरलं ते, एक्सवायझेड किंवा लॅब या रंगाच्या मापांत. लॅबमधे एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंत, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. प्रोफाईल बनवायला एवढंच लागतं, तुमच्या प्रिंटरची सवय सगळी त्या दोन बाजूंच्या फरकात लिहिलेली आहे. डावी बाजू नसली, नुसते लॅबचेच आकडे असले, तर मात्र त्या चार्टची मूळ फाईल शोधावी लागेल, कारण कोणता रंग कोणत्या पॅचला पाठवला होता हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

रकाने अजून पुढे जात असतील आणि त्यांच्या नावात ३८० पासून ७३० पर्यंत दहा-दहाच्या टप्प्यानं आकडे असतील, असे ३६ रकाने, तर तुमच्याकडे स्पेक्ट्रल डेटा आहे, म्हणजे उजेडाच्या प्रत्येक तरंगलांबीचं वेगळं मोजमाप, फारच छान. लॅबचे आकडे एकाच उजेडासाठी, बहुतेक डी ५० या दिवसाच्या ठरलेल्या उजेडासाठी, गोठलेले असतात. स्पेक्ट्रल असला तर उद्या कोणी म्हणालं की माझा अल्बम हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखालीच पाहतात, तर त्या उजेडासाठी परत हिशोब करता येतो, कागद पुन्हा न मोजता.

सॉफ्टवेअरमधे टाकायच्या आधी आकडे डोळ्यांनी तपासा, यात मी कधीच घाई करत नाही आणि तुम्हीही करू नका. पहिलं पांढरं पाहा, आर जी बी २५५, २५५, २५५ ची ओळ. चमकदार फोटो पेपरवर एल साधारण ९४ ते ९७ मधे यायला हवा, ए शून्याच्या आसपास, आणि बी थोडा वजा, वजा २ पासून वजा ६-७ पर्यंत, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन टाकलेलं असतं आणि ते निळसर उजेड परत फेकतं. इथे बरोब्बर १००, ०, ० दिसलं तर समजा की कागदालाच पांढरं धरून मोजलंय, त्यात कागदाचा स्वतःचा रंग हरवला, प्रोफाईल बनेल पण ॲब्सोल्यूट पद्धतीचं, म्हणजे कागदाच्या रंगासकटचं, प्रूफ त्यावरून काढता येणार नाही. मग काळं पाहा, ग्लॉसीवर एल १० च्या खाली यायला पाहिजे, मॅट कागद असता तर १५ ते २० आलं तरी चाललं असतं. मग पिवळं, २५५, २५५, ०. याचा बी आकडा भरपूर मोठा हवा, ८० च्या वरच, आपल्या मिरवणुकीतली पिवळी मारबत डोळ्यासमोर आणा, तसा. पिवळ्याच्या ओळीत बी वजा दिसला तर पॅचचा क्रम सरकलाय, एखादी पट्टी दोनदा मोजली किंवा राहून गेली, आणि अशा फाईलवरून काढलेली प्रोफाईल म्हणजे निव्वळ कचरा. शेवटी करड्या रंगाच्या ओळी घ्या, तिन्ही आकडे सारखे असलेल्या, आणि २५५ पासून खाली येत एल पायरी-पायरीनं उतरतो का पाहा, मधेच वर उडी मारली तर तो पॅच चुकीचा मोजला गेलाय. चार्टमधे पांढरा पॅच एकापेक्षा जास्त वेळा असेल तर त्या सगळ्यांचे आकडे ताडून बघा, जितके जुळतील तितकं मोजमाप स्वच्छ.

हे सगळं ठीक निघालं की आर्गिल सीएमएस घ्या. ग्रॅम गिल या माणसानं लिहिलेलं आहे, फुकट आहे, सोर्स कोडही उघडा आहे, आणि बटणं-खिडक्या काही नाहीत, काळ्या खिडकीत कमांड टाईप करायची असते, त्यामुळे लोक पळतात पण खरं सांगतो, अर्ध्या दिवसात हात बसतो. त्यात अनेक लहान लहान अवजारं आहेत, तुम्हाला तीनच लागतील. पहिलं 'टेक्स्ट टू टीआयथ्री', ते तुमची टेक्स्ट फाईल आर्गिलच्या स्वतःच्या टीआयथ्री मांडणीत बदलून देतं, आणि ० ते २५५ चे आकडे ० ते १०० च्या मापात आणतं, म्हणून नंतरच्या फाईलमधे २५५ च्या जागी १०० दिसलं तर चुकलं असं समजू नका. फाईलमधे दशांशाला टिंबाच्या जागी स्वल्पविराम असेल, काही युरोपियन सेटिंगच्या कॉम्प्युटरवरून आलेल्या फाईलींत असतो, तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर आकडे भलतेच वाचले जातात.

दुसरं अवजार 'कोलप्रॉफ', खरं काम तेच करतं. क्वालिटी मध्यम ठेवा, मध्यम म्हणजे कामचलाऊ नाही, बहुतेक प्रिंटरला तेवढीच पुरते आणि सगळ्यात वरची क्वालिटी लावून फाईल मोठी होते, वेळ खूप जातो अन् प्रिंटमधे फरक शोधून सापडत नाही. पण कॅपिटल एस हा पर्याय मात्र विसरू नका. त्यात तुमचे फोटो ज्या रंगजागेत (रंगांच्या ठरलेल्या आवाक्यात) असतात तिची प्रोफाईल द्यायची, एसआरजीबी किंवा ॲडोब आरजीबी. हा पर्याय दिला नाही तर कोलप्रॉफ कलरिमेट्रिकचं एकच टेबल बनवतं, मग प्रिंटरला न जमणारे रंग कसे बसवायचे यासाठी फोटोशॉपमधे पर्सेप्च्युअल निवडा नाहीतर रिलेटिव्ह, निकाल तोच येतो आणि लोक म्हणतात पर्सेप्च्युअल काम करत नाही, काम कसं करणार, ते बनवलंच नाही. अन् मोठं ते चांगलं म्हणून इथे प्रोफोटो ही फार मोठी रंगजागा देऊ नका, प्रिंटर कधीच छापू शकणार नाही एवढ्या रंगांना जागा करायच्या नादात शालूचा खरा लाल दाबला जातो. फोटो पाहण्याची परिस्थिती सांगायचे पर्यायही आहेत, स्क्रीनसाठी 'एमटी' आणि प्रिंटसाठी 'पीपी', ते द्या.

तिसरं 'प्रॉफचेक'. ते बनलेली प्रोफाईल तुमच्याच आकड्यांशी ताडून डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला फरक, सांगतं, डेल्टा ई २००० ने मागा आणि सगळ्यात वाईट पॅच वर येतील अशी यादी काढा. सरासरी १ च्या आसपास किंवा खाली आली तर निश्चिंत राहा. ९१८ पैकी एखाददुसराच पॅच १०-१२ दाखवत असेल तर त्यावर धूळ होती किंवा ओरखडा होता, तेवढी ओळ टीआयथ्री फाईलमधून काढून टाका, 'नंबर ऑफ सेट्स' ९१७ करा आणि कोलप्रॉफ परत चालवा. हेच तर आकडे जवळ असण्याचं सुख आहे. सगळीकडेच थोडी थोडी गडबड दिसली तर कोलप्रॉफच्या लहान आर या पर्यायात मोजमापातली चूक किती धरायची ते सांगता येतं, तो न सांगता अर्धा टक्का धरतो, तुम्ही एक टक्का करून पाहा, रंगांच्या उतरणी जास्त मऊ होतील.

आता एक अडचण, आणि ती तुमच्या बाबतीत मोठी आहे. हे आकडे दीड वर्षाआधीच्या प्रिंटरचे आहेत. तोच कागद, तीच शाई, ड्रायव्हरमधे तीच मीडिया सेटिंग असेल तरच ते आजही खरं बोलतील, मधे कंपनीची शाई सोडून बाटलीतली भरायला लागला असाल तर हे आकडे सोडून द्या. मशीन नसताना हे कसं तपासायचं? मोजलेला तो जुना चार्ट घरात शोधा. अल्बमच्या खोक्यात, अंधारात राहिला असेल तर उत्तम. मग त्याच फाईलचा चार्ट आज परत छापा, सगळं कलर मॅनेजमेंट बंद करून, जसा तेव्हा छापला होता तसाच, एक दिवस वाळू द्या आणि दोन्ही कागद उत्तरेकडच्या खिडकीत सकाळी दहा-अकराला शेजारी-शेजारी ठेवून पाहा. करडे पॅच आणि कातडीच्या रंगाचे पॅच आधी. डोळ्याला फरक कळत नसेल तर बिनधास्त जुन्या आकड्यांवरून प्रोफाईल बनवा. कळत असेल तर आधी नोझल चेक करा, हेड साफ करा, परत छापा, तरीही फरक राहिला तर कोणाकडून तरी मोजून घ्यावंच लागेल.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : मी वॉटरकलर करते आणि माझ्या चित्रांच्या मॅट कागदावर प्रिंट काढून विकते. तुम्ही सांगता तसंच मोजमापाच्या फाईलवरून प्रोफाईल बनवली, प्रॉफचेकची सरासरी ०.८ आली, म्हणजे चांगलीच ना? तरी प्रिंट काळपट आणि गुलाबी झाक मारतात. अंबाझरीच्या संध्याकाळचं एक चित्र आहे, त्यातलं आभाळ तर अगदी जांभळट झालं. चूक कुठे?

उत्तर : ताई, प्रोफाईल चांगली आहे, ती दोनदा लागतेय असं मला वाटतं. प्रिंटमधे गुलाबी झाक आणि जडपणा एकत्र आला की पहिला संशय याच गोष्टीचा घ्यायचा. फोटोशॉपमधे तुम्ही 'रंग फोटोशॉप सांभाळेल' असं निवडून तुमची प्रोफाईल लावली, पण प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं कलर चालूच राहिलं, मग फोटोशॉपनं बदललेल्या रंगांना ड्रायव्हर परत बदलतो. ड्रायव्हरमधे जाऊन कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद करा, 'ऑफ' किंवा 'नो कलर ॲडजस्टमेंट' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि मीडिया टाईप तोच निवडा जो चार्ट छापताना होता. मॅटच्या जागी ग्लॉसी राहिलं तर शाई जास्त सुटते, काही प्रिंटरवर तर काळी शाईसुद्धा बदलते, मॅट काळ्याच्या जागी फोटो काळी.

उलटंही घडलेलं असू शकतं हो, म्हणजे चार्ट छापतानाच ड्रायव्हरचं कलर चालू होतं. तसं असेल तर ती सगळी मोजमापं त्या बदललेल्या रंगांची आहेत आणि ज्यानं चार्ट छापला त्यालाच विचारावं लागेल. ०.८ आकड्यावर विसंबू नका, प्रॉफचेक प्रोफाईलला तिच्याच आकड्यांशी ताडतं, आकडे कसे गोळा केले हे त्याला कळत नाही.

आभाळासारख्या फिक्या रंगांसाठी अजून एक गोष्ट तपासा. मॅट आर्ट पेपरमधे चमकवणारं रसायन नसेल, म्हणजे पांढऱ्याचा बी शून्याच्या वर असेल, तर पुढचं वाचू नका. पण बी वजा ५-६ असेल तर ते रसायन आहे आणि मोजताना कोणती पद्धत होती त्यावर बरंच अवलंबून आहे. आयएसओ १३६५५ मधे २००९ पासून याला नावं आहेत, एम ० म्हणजे जुना बल्बसारखा उजेड, एम १ म्हणजे डी ५० सारखा अतिनील किरणांसकट, एम २ म्हणजे अतिनील कापून. एम ० नं मोजलेल्या आकड्यांत कागद निळसर दिसतो, मग प्रोफाईल तो निळेपणा मारायला फिक्या रंगांत पिवळं ढकलते. तुमच्याकडे स्पेक्ट्रल रकाने असतील तर कोलप्रॉफमधे या चमकेची भरपाई करायचा लहान एफ हा पर्याय आहे, मात्र अतिनील कापून मोजलेल्या फाईलवर तो चालत नाही, जे मोजलंच नाही त्याची भरपाई कशी होणार. आणि ताई, प्रिंट ट्यूबलाईटखाली पाहून ठरवू नका.

प्रश्न (इतवारी, नागपूर) : आमचं ऑफसेट प्रेस आहे, मिठाईचे डबे छापतो. फोग्रा ३९ चे मोजमापाचे आकडे फुकट मिळतात असं ऐकलं. त्यावरून प्रोफाईल बनवून आमच्या मशीनला लावली तर चालेल काय? संत्रा बर्फीच्या डब्यावरचा नारिंगी नेहमीच मेलेला येतो, पार्टी दरवेळी भांडते.

उत्तर : दादा, आकडे मिळतात हे खरं, फोग्रा ३९ मधे १६१७ पॅच आहेत आणि त्यांच्यावरून कोलप्रॉफ सीएमवायके (सायन म्हणजे निळी, मॅजेन्टा, पिवळी, काळी या चार शायांची) प्रोफाईल बनवून देईल. पण ते तुमच्या मशीनचे आकडे नाहीत, ते एका ठरलेल्या छपाईचे आहेत, आयएसओ १२६४७ च्या भाग २ प्रमाणे, कोटेड आर्ट पेपरवर. तिथे लॅबमधे कागद ९५, ०, वजा २, भरीव मॅजेन्टा ४८, ७४, वजा ३, पिवळा ८९, वजा ५, ९३. तुमचं मशीन शाईची घनता आणि डॉट गेन (ठिपक्यांचं पसरणं) सांभाळून या आकड्यांपर्यंत येत असेल तर ती प्रोफाईल तुमची, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालताय. आणि डब्याला तुम्ही बहुतेक ग्रे-बॅक डुप्लेक्स (मागून करडा पुठ्ठा) वापरत असणार, त्याचा पांढरा आर्ट पेपरचा नसतो, तो जरा मळकटच, म्हणजे पहिल्या आकड्यातच फरक पडला.

स्वतःच्या डुप्लेक्सवर चार्ट छापून एकदा मोजून घ्या, एवढा खर्च प्रेसला झेपतो. त्यावरून प्रोफाईल काढताना कोलप्रॉफला एकूण शाईची, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची, मर्यादा सांगा, लहान एल. युरोपात आर्ट पेपरसाठी ३३० टक्के आणि ३०० टक्के अशा दोन्ही मर्यादांच्या प्रोफाईल चालतात, डुप्लेक्सवर मी ३०० च्या वर जाणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच, डबे एकमेकांना चिकटतात. काळ्या शाईचं प्रमाणही तिथेच ठरतं. आकडे तेच ठेवून २८० ची एक आणि ३०० ची एक अशा दोन प्रोफाईल बनवा आणि छापून पाहा, परत मोजायची गरज नाही.

नारिंगीचं मात्र स्पष्ट सांगतो. स्क्रीनवर संत्र्याचा जो झळझळीत नारिंगी दिसतो तो मॅजेन्टा आणि पिवळ्याच्या ठिपक्यांतून निघत नाही, कितीही चांगली प्रोफाईल लावा. ती एवढंच करेल की जवळात जवळचा रंग देईल आणि त्यात चुकून सायन मिसळू देणार नाही, मेलेपणा बऱ्याचदा त्या ५-७ टक्के सायनमुळे येतो, तेवढं गेलं तरी पार्टीला फरक दिसेल. त्याच्या पुढचं हवं असेल तर पाचवा रंग, नारिंगीची वेगळी शाई, आणि त्याचे पैसे पार्टीला आधीच सांगा.

प्रश्न (कामठी रोड) : मित्राकडे माझ्याच मॉडेलचा प्रिंटर आहे, त्याची मोजमापाची फाईल घेऊन माझी प्रोफाईल बनवू का? अन् उन्हाळ्यात-पावसाळ्यात वेगळी लागते का?

उत्तर : त्याचा कागद, शाई आणि ड्रायव्हरची सेटिंग तंतोतंत तुमच्यासारखी असेल तर सुरुवातीला चालेल, कंपनीच्या फुकट प्रोफाईलींचाही पाया तोच असतो. पण कागद वेगळा असेल तर नको.

ऋतूचं म्हणाल तर नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री, हवा कोरडी, आणि आपण प्रिंटरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावून बसतो म्हणजे दुपारी बाराला कोरडं आणि एकला दमट. कागद ती हवा पितो, शाई वेगळी बसते. माझ्याकडे एकाच मॅट कागदाच्या दोन फाईली आहेत, एक मे ची आणि एक ऑगस्टची, आणि गडद निळ्यात त्यांच्यात फरक दिसतो. आर्गिलमधे 'ॲव्हरेज' नावाचं अवजार आहे, ते एकाच चार्टच्या दोन टीआयथ्री फाईलींची सरासरी काढून देतं, वर्षभर एकच प्रोफाईल वापरायची असेल तर अशी सरासरी घ्या. कूलर प्रिंटरच्या खोलीतून काढा आणि कागदाचं पाकीट उघडलं की उरलेला कागद प्लास्टिकमधे बंद करून ठेवा. फाईलच्या नावात कागद, शाई, मीडिया सेटिंग आणि महिना लिहा, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.